देवाचा मासा

“गिळू नका रे! फुंका! फुंका म्हणतेय मी!”

माझं ओरडून होतंय तोवर ओंकारने गेरूच्या पाण्याचा अख्खा घोट गिळला आणि वर माझ्याकडेच बघून दात काढले. दात लालभडक. मी कपाळावर हात मारला. गालात गेरूचं पाणी धरायचं, ओठांत पपईच्या पानाचा पोकळ देठ, एक पंजा भिंतीवर टेकवायचा आणि देठातून फुर्रकन फवारायचं. हात उचलला की भिंतीवर पंजाएवढी जागा कोरी राहते आणि भोवती लाल. हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी गुहांमध्ये असेच हात उमटवून ठेवलेत. आमच्या पोरांनी भिंतीपेक्षा एकमेकांचे शर्टच जास्त रंगवले होते.

मी तेव्हा राजापूरच्या बाजूला, सासरच्याच गावात, हायस्कूलमध्ये चित्रकला शिकवायचे. माहेर कराडचं आणि तोंड फटकळ, त्यामुळे पोरं मला घाबरायची, निदान घाबरल्यासारखं दाखवायची. गावाच्या वरच्या अंगाला सडा आहे. सडा म्हणजे लांबच लांब पसरलेला उघडा काळा कातळ. त्यावर कुणी, कधी कोरले ते देव जाणे, पण हत्ती आहेत, हरणं आहेत, हात पसरलेली माणसं आहेत. म्हणून हेडमास्तरांनी आठवीच्या वर्गासाठी दोन दिवसांचं शिबिर काढलं होतं. आदिमानव रंगवायचा कसा, कोरायचा कसा, ते मी शिकवायचं. आणि कोरीव काम वाचणारं यंत्र पोरांकडून बनवून घ्यायला रत्नागिरीहून इर्शाद सर आले होते. शांत माणूस. पोरांनी एक मोटर जाळली तरी “होतं असं” म्हणून दुसरी काढून द्यायचे. मी असते तर पाठीत धपाटा घातला असता.

इर्शाद सर भिंतीपाशी उभे राहून हात बघत होते. वर्गाचे सगळे पंजे एकमेकांना खेटून उमटले होते. मग बरीचशी जागा मोकळी. आणि मग एकच पंजा.

“मॅडम, हा एकटाच का हो?”

“तो दर्शनाचा,” मी म्हटलं. “दर्शना गोताड.”

“मग?”

आता बाहेरच्या माणसाला काय सांगायचं? पण सांगितलं. गोताडांचं घर वाळीत होतं. त्यांच्याकडे कुणी जायचं नाही, त्यांना बोलवायचं नाही, त्यांच्या घरचं पाणी प्यायचं नाही. शिमग्यात देवीची पालखी घरोघर जाते, ती त्यांच्या दारावरून तशीच पुढे जायची. दर्शनाची आजी गेली तेव्हा खांदा द्यायला परगावचे पाहुणे आणावे लागले. शाळेत पोरीला बसू देत, पण शेजारी कुणी बसत नसे. पोरांना घरून तंबीच होती.

“असं केलं काय त्यांनी?”

“देवाचा मासा फोडला.”

सड्यावर एक मासा होता. दोन माणसं डोक्याला पाय लावून झोपतील एवढा लांब. शिमग्याची पालखी वर जायची ती त्या माशापाशी टेकायची, बायका त्याच्या डोळ्यात हळदकुंकू वाहायच्या. मी नवीन लग्न होऊन आले त्या वर्षी पालखी वर गेली तर मासा नाही. जागाच सापडेना. दर्शनाच्या वडिलांची, सोनू गोताडांची, चिरेखाण तिथे अगदी लागून होती. घरं बांधायचा जांभा चिरा काढायची खाण. खाण सरकत आली आणि सोनूने मासा कापून विकला, असं गावाने धरलं. सोनूभाऊ शपथा घेत राहिले, कुणी ऐकलं नाही. तेव्हापासून सात वर्षं.

“आज संध्याकाळी मिटतंय ते,” मी म्हटलं. “देवळात सभा आहे. सोनूभाऊ देवीपुढे नाक घासून चूक कबूल करणार. मग गावात घेणार त्यांना.”

“चूक केली होती का पण त्यांनी?”

“गाव म्हणतं, केली होती.”

हे सगळं मला ठाऊक असण्याचं कारण, सभेचे अध्यक्ष माझे सासरे. आबा विचारे, गावचे मानकरी. पालखीला पहिला खांदा त्यांचा. सड्यावरची चित्रं बघायला कुणी शहाणीसुरती माणसं आली की त्यांना फिरवून आणायचे तेही आबाच. वर्तमानपत्रात एकदा फोटो आला होता, खाली ‘सड्याचा राखणदार’. सकाळी मी दारापुढच्या पायरीवर रांगोळी काढत होते तेव्हा ते देवळाकडे निघाले होते. पायरीवर पाय न देता चौकट धरून ही एवढी ढांग टाकली. रोजचंच होतं ते.

“आबा, एक दिवस पडाल हां. पायरी कशाला ठेवलीय दाराला? शोभेला?”

“तुझी रांगोळी मोडते गो,” ते म्हणाले आणि निघाले. सुनेची रांगोळी मोडू नये म्हणून जपणारा सासरा! मी माहेरी कौतुकाने सांगायचे.

दुसऱ्या तासाला कोरायचं काम घेतलं. लोखंडाला हात लावायचा नाही, नदीतल्या काळ्या गोट्याने कातळ ठोकायचा, असा माझा नियम. पण ठोकायला दगड हवा तो सड्याच्या वरच्या थराचा. आत लालसर मऊ चिरा असतो, त्यावर बोटाने पण रेघ उठेल. जुन्या माणसांनी कोरलं ते वरच्या काळ्या टणक कातळावर. तो थर चिऱ्याला चालत नाही, फोडून गडग्याला वापरतात. गडगा म्हणजे नुसते दगड रचून केलेलं कुंपण. आमच्या परड्यातला गडगा पावसात ढासळला होता. मी उदार मनाने सांगून टाकलं होतं, “न्या रे आमच्याकडचे, हवे तेवढे न्या.” पोरांनी आदल्या संध्याकाळीच टेम्पोत घालून आणले होते.

ठाक-ठाक-ठाक! वर्ग दणाणून गेला. थोड्याच वेळात पोरं रडकुंडीला आली. एवढा वेळ ठोकून बोटाएवढी खळगी.

“बाई, एवढा हत्ती कोरायला किती दिवस लागले असतील त्यांना?”

“तूच सांग. हात दुखतोय ना? त्यावरून सांग.”

तिकडे इर्शाद सरांच्या टेबलावर गाडी तयार झाली होती. चार चाकं, दोन मोटरा, एका अंगाला अगदी खाली बांधलेला टॉर्च, वर दांड्यावर जुना मोबाइल. गाडी दगडाभोवती फिरायची, थोडी पुढे सरकून थांबायची, फोटो काढायची. आडव्या उजेडात बारीकसारीक खाचेची सावली पडते. ते सगळे फोटो लॅपटॉप एकत्र करायचा आणि डोळ्याला न दिसणारी रेघ पडद्यावर उठून दिसायची. पोरांनी तिचं नाव खेकडी ठेवलं होतं, कारण ती तिरकी चालायची. चाक वाकडं बसलं होतं, दुसरं काही नाही.

“दर्शनाचा दगड आधी लावू,” इर्शाद सर म्हणाले. एकटी बसून ठोकत होती ना, म्हणून मुद्दाम.

दर्शनाने दगड उचलून आणला. हडकुळी पोर, पण खाणवाल्याची. दगड कसा धरायचा ते तिला शिकवावं लागत नसे. ठेवताना तिने तो उलटा केला, खालची बाजू जास्त सपाट होती म्हणून. खेकडी कुरकुरत फेरी मारून आली.

पडद्यावर रेघ आली. जाड, वाकडी, शांत अशी एक रेघ आणि तिला टेकून बारक्या आडव्या रेघा.

“अगं, हे केव्हा कोरलंस?” मी विचारलं.

“मी नाही बाई. मी दुसऱ्या बाजूला कोरत होते.”

“मग कोणी केलं? ओंकार, तू?”

“आई शपथ नाही, बाई!”

मी दगड हातात घेतला. साध्या डोळ्यांना शेवाळाखाली काही दिसत नव्हतं. बोट फिरवलं. खाच होती. मघापासून पोरं ठोकत होती तशाच लहान लहान खळग्यांची ओळ, पण कडा झिजून गुळगुळीत झालेल्या.

“सगळे दगड उलटे करा,” मी म्हटलं.

पुढचा तास वर्गात खेकडीच्या कुरकुरीशिवाय आवाज नव्हता. कितीतरी दगड कोरेच निघाले. काहींवर रेघ निघाली. इर्शाद सर चित्र काढून देत होते आणि पोरं फरशीवर दगड सरकवून रेघेला रेघ जुळवत होती. कधी नव्हे ते दर्शनाच्या दोन्ही बाजूंना पोरं बसली होती, कुणाच्या लक्षातही आलं नाही. शेपटी जुळली. खवले जुळले. वरचा पर. पोटाची गोल रेघ. मग तोंड. तोंडाच्या मागे मधोमध सुपाएवढी जागा रिकामी राहिली.

“मासा,” ओंकार हळूच म्हणाला. तो गुरवांचा मुलगा. देवीची पूजा त्यांच्या घरची. त्याने नकळत हात जोडले.

दर्शना उठली नाही. दगडाच्या तुटलेल्या कडेवरून बोट फिरवत राहिली.

“बाई, हे बाबांनी नाही कापलं.”

“कशावरून गं?”

“आमचं चिऱ्याचं मशीन आहे. पात्याने कापतं. कड सुरीने वडी पाडल्यासारखी येते. ही बघा, वेडीवाकडी फुटलीय. आणि इथे खड्डा. टोकदार काहीतरी वरून मारलंय. हा ब्रेकर आहे. जेसीबीला लावतात तो.” तिने माझ्याकडे बघितलं. “आमच्याकडे ब्रेकर कधीच नव्हता, बाई.”

मी बघितलं. सकाळभर दगड ठोकून माझे आणि पोरांचेही डोळे तयार झाले होते. एक खूण गोट्याची, जुनी. एक खूण ब्रेकरची, नवी. पात्याची खूण एकाही दगडावर नव्हती. आठवीतल्या पोरांना दिसत होतं ते.

“मॅडम,” इर्शाद सर दबक्या आवाजात म्हणाले, “हे दगड कुठले म्हणालात?”

ओंकारनेच सांगितलं.

“बाईंच्याच गडग्यातले.”

सगळी पोरं माझ्याकडे बघत होती. मी बाकावर बसले ती बसलेच.

*

दुपारच्या सुट्टीत घरी गेले. आबा ओटीवर पान लावत बसले होते. मी चप्पलसुद्धा काढली नाही.

“आबा, देवाचा मासा आपल्या गडग्यात कसा आला?”

पानावर चुना लावणारं बोट थांबलं. मला वाटलं होतं, रागावतील. काहीतरीच काय बोलतेस, म्हणतील. मी देवाकडे तेवढंच मागत आले होते, की त्यांनी रागवावं.

ते म्हणाले, “सगळा सापडला?”

झालं.

“आबा! तुम्ही?”

“मी नाही फोडला. पण माझ्या रस्त्यासाठी फुटला.” पान तसंच हातात होतं. “तुझ्या वडिलांची अट होती. आठवतंय? गाडी दारापर्यंत आली पाहिजे. माझी पोर डोंगर चढून सासरी जायची नाही.”

आठवत होतं. वडील बैठकीत तसं म्हणाले होते आणि मी आतल्या खोलीत हसले होते.

“सड्यावरून रस्ता काढला. मी आखून दिला होता, कुंभ्याच्या झाडाला वळसा घालून, मासा बाजूला सोडून. ब्रेकर लावला त्या दिवशी मी राजापूरला भांडी आणायला गेलो होतो. परत येतो तर ब्रेकरवाल्या गड्याने सरळ रेघ मारलेली. वळसा कशाला, म्हणाला, डिझेल जातं. झाड पण नाही, मासा पण नाही.”

“मग गावाला सांगायचं!”

“चार दिवसांवर लग्न. देवाचा मासा फोडून त्या वाटेने नवरी आणली, असं झालं असतं. तुझ्या बापाने दिली असती मुलगी? मी तुकडे गोळा केले आणि गडग्यात पालथे रचले.”

“आणि शिमग्यात? पालखी वर गेली तेव्हा?”

“तेव्हा सांगणार होतो गो. देवीची आण. पण मी तोंड उघडायच्या आधी कुणीतरी ओरडलं, सोन्या गोताडाची खाण इथवर आली. झाड नव्हतं, खूण नव्हती, रस्त्याला आणि खाणीला दहा पावलांचं अंतर. सगळे त्याच्यावर तुटून पडले. मी गप्प राहिलो. एकदा गप्प राहिलं की मग बोलताच येत नाही.”

“आणि वाळीत टाकलं त्या सभेचा अध्यक्ष कोण होता?”

“मीच.”

मला त्यांची किळस आली आणि त्याच वेळी त्यांच्या चुना लागलेल्या बोटांकडे बघवेना. सात वर्षं या माणसाला मी गरम भाकरी वाढत होते.

“आज मिटवतोय ना सगळं,” ते म्हणाले. “दंडही घ्यायचा नाही, असं ठरवलंय मी.”

“आणि नाक कोण घासणार, आबा?”

त्यांनी पानाची घडी घातली.

“माशाचा डोळा नाही सापडला. तोंडामागचा तुकडा. तो कुठाय?”

“मला ठाऊक नाही,” आबा म्हणाले आणि पान तबकात ठेवून आत गेले.

*

शाळेत परत आले तर सोनू गोताड वर्गात उभे. दर्शनाला न्यायला आले होते, घरच्या सगळ्यांनी डोक्यावरून आंघोळ करून देवळात जायचं होतं. अंगात नवा पांढरा सदरा, घड्या तशाच. ते फरशीवरच्या माशाकडे बघत होते. मग उकिडवे बसले आणि शेपटीवरून हात फिरवला, झोपलेल्या लेकरावरून फिरवावा तसा.

“बाई, हे उचला,” ते म्हणाले.

“सोनूभाऊ, मला आजच कळलं हो. खरंच सांगते…”

“मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. ब्रेकरचा आवाज मी खाणीतून ऐकला होता. बोललोसुद्धा सभेत. मानकऱ्याच्या समोर गोताडाचं कोण ऐकतं?”

“आज ऐकतील! हा मासाच आहे की पुढ्यात!”

“आज ऐकायला नको.” ते उठले. “थोरलीचं लग्न वैशाखात. मुलाकडच्यांनी सांगितलंय, तुमचं गाव मांडवात दिसलं पाहिजे, नाहीतर राहू दे. तुम्ही आज आबांचं नाव काढलंत की दोन तट पडतील. वर्षभर भांडत बसतील. माझी पोर तशीच राहील घरात. मला मासा नको, बाई. मला मांडव हवाय.”

“म्हणून न केलेल्या गोष्टीसाठी नाक घासणार?”

“नाकाला काय होतंय? पोरांना गप्प करा. पाया पडतो तुमच्या.”

आणि तो माझ्याहून कितीतरी मोठा माणूस खरंच वाकला. मी दचकून मागे सरले, पाठ भिंतीला लागली. दर्शना खिडकीकडे तोंड करून उभी होती. तिचे खांदे हलत होते.

काय करणार होते मी? पोरांना गोळा केलं आणि सांगितलं, “देवळात कुणी एक शब्द बोलायचा नाही. कळलं? आपले पंजे आणि आपण कोरलेले दगड, तेवढंच प्रदर्शनात मांडायचं. मासा इथेच राहील.”

पोरांनी माना हलवल्या. मला माझीच लाज वाटत होती.

*

प्रदर्शन देवळाच्या सभामंडपात आधीच ठरलेलं होतं. सभेला सगळं गाव जमणारच, पालकांनी पोरांचं काम बघावं, मग सभा. मी दिवेलागणीला पोचले तेव्हा मंडप भरला होता. एका अंगाला बायका. पुढे गादीवर आबा. आणि सगळ्यांच्या मागे, चपलांच्या ढिगापाशी, सोनू गोताड आणि त्यांची बायको उभी. बसा, असं अजून कुणी म्हटलं नव्हतं.

टेम्पो आला. ओंकारने पहिला दगड उतरवला. शेपटी.

“ओंकार! काय सांगितलं होतं मी?”

“आम्ही काही बोलणार नाही, बाई,” तो गंभीरपणे म्हणाला. “तुम्ही म्हणालात ना, बोलायचं नाही. नाही बोलणार.”

त्याच्या मागून दुसरी पोरं एकेक दगड घेऊन उतरत होती. एका दगडाला दोघं, एका बाजूला न्हाऊन परत आलेली दर्शना. मी त्यांना थांबवू शकले असते. माझ्या एका हाकेने थांबली असती. मी हाक मारली नाही.

मंडपाच्या मधोमध दगड मांडले गेले. लोकांना त्यात काही दिसेना, नुसते शेवाळलेले धोंडे. कुणीतरी हसलं. मग इर्शाद सरांनी प्रोजेक्टर लावला आणि दिवे घालवायला सांगितले. खेकडी तिरकी तिरकी चालत निघाली, तिचा उजेड दगडांवरून सरपटत गेला, आणि समोरच्या पांढऱ्या भिंतीवर पहिल्यांदा शेपटी आली. मग खवले. मग पर. भिंतभर.

“अगं माझ्या बाय!” एक म्हातारी किंचाळली. “मासा! देवाचा मासा!”

बायका धडाधड उठल्या. कुणी हात जोडले, कुणी रडायला लागलं. पुरुष भिंतीकडे बघत नुसते बसून राहिले होते. गुरव पुढे आले आणि आपल्या पोराला दंडाला धरून हलवलं.

“कुठून आणलंत हे? ओंकार, बोल!”

ओंकारने ओठ घट्ट मिटले आणि मान हलवली. त्यांनी दुसऱ्याला विचारलं. तोही मुका. एकही पोर बोलेना. मग सगळ्यांच्या नजरा माझ्यावर आल्या. चपलांपाशी सोनूभाऊ उभे होते, दोन्ही हात माझ्याकडे जोडून, मान नाही-नाही हलवत. बोलले तर त्यांचा मांडव जातो. नाही बोलले तर आत्ता इथे, या माशासमोर, ते नाक घासतील. मी उभी राहिले. काय बोलणार होते ते मला आजही माहीत नाही.

“मधे जागा मोकळी आहे,” आवाज आला.

आबा गादीवरून उठले होते. भिंतीजवळ जाऊन त्या काळ्या रिकाम्या जागेवर त्यांनी बोट ठेवलं. त्यांच्या हाताची सावली माशावर पडली.

“इथे डोळा. तो गडग्यात सापडायचा नाही. बाकीचा मी गडग्यात रचला, पण डोळा रचवेना. फेकवेना. घरात घ्यायची छाती झाली नाही.” ते वळले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, गावाकडे नाही, माझ्याकडे. “आपल्या दारापुढची पायरी आहे ना गो, शुभदा. तोच तो. पालथा घातलाय.”

आणि माझ्या डोळ्यांपुढे आबांची ती ढांग आली. रोज सकाळची. माझी रांगोळी मोडू नये म्हणून नव्हती ती. लग्न होऊन आले तेव्हा त्याच पायरीवर उभी राहून मी माप ओलांडलं होतं. रोज तिथे मी पाणी शिंपडून हळदकुंकू वाहत होते.

“सोनूचा काही दोष नाही,” आबा म्हणाले. “काय करायचंय ते माझं करा.”

मग एकच गलका उठला. कुणी आबांच्या नावाने शिव्या घालतंय, कुणी म्हातारा भ्रमिष्ट झाला म्हणतंय, कुणी विचाऱ्यांना वाळीत टाका म्हणतंय. सोनूभाऊ घाबरत होते तेच झालं होतं. गुरव गर्दीतून वाट काढत त्यांच्यापाशी गेले आणि म्हणाले, “सोन्या, पुढे ये. बस इथे. नाक-बिक काही घासायचं नाही आता. गावाने तुला घेतला आत.”

सोनू गोताड जागचे हलले नाहीत. मला वाटलं, आता हा माणूस रडेल. सात वर्षं ज्यासाठी झुरले ते समोर चालून आलं होतं.

“घेतला?” ते म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पण गलका थांबला. “माझी आई गेली तेव्हा मी तुमच्या प्रत्येकाच्या दारात उभा होतो. दिवा दिसत होता आत. कडी कुणी काढली नाही.” त्यांनी दर्शनाला हाक मारली. ती पळत गेली. “पत्रिका सगळ्यांना पाठवतो. ज्याला यायचंय त्याने यावं. पण मी काही आत येत नाही.”

दुपारी मांडवासाठी माझ्यापुढे वाकलेला हाच माणूस. पायात चपला घालून बायको-पोरीला घेऊन निघून गेला. नाक घासायला आलेला माणूस न घासता उभ्यानेच गेला, आणि आम्ही सगळे आत बसलेले.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी रांगोळीचा डबा घेऊन दार उघडलं आणि उंबऱ्यातच थांबले. पायरीवर पाय ठेवायचा कसा? तेवढ्यात अंगणात सोनू गोताड उभे दिसले. खांद्यावर पहार, बरोबर दर्शना. आबा माझ्या मागून आले आणि चौकटीत थांबले.

“न्यायला आलोय,” सोनूभाऊ म्हणाले.

“गावचा आहे तो, सोनू,” आबा कसेबसे म्हणाले. “सगळ्यांनी मिळून वर नेऊन बसवू.”

“गावचा कसा? सात वर्षं तो माझ्या नावावर मांडलाय तुम्ही. माझ्या नावाने फुटला, माझ्या नावाने विकला गेला. आता माझाच.”

त्यांनी पहार पायरीच्या कडेला घातली. दगड कुठे दाबला की न तुटता सुटतो ते त्यांना ठाऊक होतं. एक हुंकार, आणि सात वर्षांची पायरी उठली. खालून ओल्या मातीचा वास आला. बापलेकीने ती उलटी केली. दर्शनाने हाताने माती पुसली. मधोमध गोल, त्यात आणखी एक गोल. डोळा उघडा होता.

तो मासा आज सड्यावर आहे, गोताडांच्या खाणीच्या कडेला, सोनूभाऊंनी देवळातले तुकडे नेऊन एकट्याने सांधलेला. खाण त्यांनी त्या बाजूने कायमची थांबवली. पालखी तिथे टेकते. लग्नाला निम्मं गाव गेलं, निम्मं गेलं नाही. मुलाकडच्यांनी तेवढ्यावर भागवून घेतलं. आबांना गावाने काही केलं नाही. मानकऱ्याला कोण काय करणार? फक्त त्यांच्याशी बोलणं हळूहळू सगळ्यांनी सोडलं, कुणी न ठरवता.

दाराला नवी पायरी बसवायची म्हणून मी गवंडी बोलावला होता. आबांनी परत पाठवला. ते गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली, पण मीही पुन्हा बोलावला नाही. पाहुणे येतात, दारात ठेचकाळतात, म्हणतात, “अहो, पायरी कशी नाही तुमच्या दाराला?”

मी म्हणते, “होती. ज्याची होती तो घेऊन गेला.”